बालकांचे रंगकाम आणि हाताची घडण

छत्रपती संभाजीनगरातील पैठण दरवाजाकडून टिळकपथाने गुलमंडीवर येऊन पोहोचणाऱ्या मनुष्यास आसपासच्या गल्ल्यांच्या नावांवरूनच या वस्तीचा पूर्वेतिहास पुष्कळसा उमगतो. कुंभारवाडा आणि रंगारगल्ली ही नावे ज्या कारागिरांच्या वास्तव्याची साक्ष देतात, त्यांच्या घरची मुले पाटीवरचे पहिले अक्षर काढण्याच्या वयाला येत तोवर त्यांची बोटे मातीत, पाण्यात, सुतात आणि रंगात इतकी रुळलेली असत की हात तयार करण्याचा निराळा उद्योग करण्याचे प्रयोजन कोणास पडत नसे. आज त्याच गुलमंडीवर, दुकानाच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाची बोटे दिवसाकाठी सर्वाधिक वेळ जर कशावर फिरत असतील तर ती मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर. असे हे मूल बालवर्गात दाखल होताच त्याच्या हाती पेन्सिल देऊन 'अ' गिरवण्याचा हुकूम सुटतो, आणि पुढे वर्षभरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येऊ लागते, की मुलाला सगळे समजते, तोंडपाठही आहे, परंतु लिहायला बसले की हात दुखतो म्हणते आणि अक्षर काही केल्या वळत नाही.

या तक्रारीचे मूळ बुद्धीत किंवा आळसात शोधणे अन्यायाचे आहे. ते हातात आहे. आणि हाताची ही उणीव भरून काढण्याचे जे उपाय सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले आहेत, त्यांत रंगकामाइतका सुलभ, स्वस्त आणि मुलाला मनापासून रुचणारा उपाय दुसरा नाही, असे माझे निश्चित मत आहे. मात्र त्यास एक अट आहे. मूल रंगवीत असताना वडीलधाऱ्यांची नजर कागदावर खिळलेली असते. ती तेथून काढून मुलाच्या खांद्यावर, मनगटावर आणि बोटांवर नेली पाहिजे. कागदावर उमटलेला मोर हिरवा झाला की जांभळा, रंग रेषेच्या आत राहिला की बाहेर सांडला, हा हिशेब पाच वर्षांपर्यंत मांडूच नये. त्या अवधीत कागद हे केवळ निमित्त असून घडायचा आहे तो हात.

हाताची रचना थोडी ध्यानात घेतली म्हणजे या आग्रहाचे कारण पटेल. मनगट धरून मनुष्याच्या एका हातात 27 हाडे असतात आणि त्यांपैकी 8 लहान हाडे एकट्या मनगटात असतात. जन्मकाळी ही आठही हाडे कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचिक पदार्थाच्या स्वरूपात असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांतील दोन घट्ट होऊ लागतात, मग एकेक करून बाकीची होत जातात आणि शेवटचे हाड तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास घट्ट होते. म्हणजे ज्या वयात आपण मुलाकडून बारीक टोकाच्या पेन्सिलीने ओळीत अक्षरे काढण्याची अपेक्षा करतो, त्या वयात त्याच्या मनगटाची घडण अर्ध्यावरसुद्धा आलेली नसते. दुसरी गोष्ट अशी की, शरीरावरील ताबा आतून बाहेर येतो. प्रथम खांदा स्थिर होतो, त्यानंतर कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची पेरे. ज्या मुलाचा खांदा अद्याप डळमळीत आहे त्याच्या बोटांकडून नाजूक कामाची मागणी करणे व्यर्थ होय. म्हणून रंगकामाची सुरुवात चित्रवहीने करू नये. ती जमिनीवर आणि भिंतीवर करावी.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला कागद मुळी पुरतच नाही. मराठवाड्यातील जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. तिच्यासारखी उत्तम पाटी दुसरी शोधून सापडायची नाही. त्या फरशीवर पांढऱ्या खडूने किंवा गेरूच्या खड्याने मुलाला हवे तेवढे गिरगटू द्यावे आणि सायंकाळी ओल्या फडक्याने ते सर्व पुसून टाकावे. पुसण्याच्या कामातही मुलाला सामील करून घ्यावे, कारण ओले फडके पिळणे ही मुठीची आणि मनगटाची फार चांगली कसरत आहे. या गिरगटण्याला निरर्थक मानण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. ती सोडली पाहिजे. ऱ्होडा केलॉग या विदुषीने मुलांच्या लाखो रेघोट्या जमवून त्यांचा अभ्यास केला आणि त्यातून 20 मूलभूत प्रकारच्या रेघोट्या निवडून काढल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या, नागमोडी, गोल फिरणाऱ्या अशा या रेघोट्यांतूनच पुढची सारी चित्रे आणि सारी अक्षरे निर्माण होतात. ज्या मुलाला हे वर्ष-दीड वर्ष मनसोक्त गिरगटण्याची मुभा मिळाली त्याच्या हाताची पुढची वाट पुष्कळ सुकर होते.

याच वयासाठी दुसरा एक उद्योग सुचवितो. त्याला एका वाटीभर पाण्यापलीकडे काही लागत नाही, आणि पाण्याच्या बाबतीत सदैव ओढग्रस्त असलेल्या या शहरात ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. भिंत रंगवण्याचा एखादा जुना रुंद ब्रश मुलाच्या हाती द्यावा आणि गच्चीच्या कठड्यावर किंवा अंगणातील भिंतीवर केवळ पाण्याने रंग देण्यास सांगावे. आपल्या उन्हात ओली रेघ पाहता पाहता सुकते, भिंत पुन्हा कोरी होते आणि मूल पुन्हा उत्साहाने हात फिरवू लागते. उभ्या पृष्ठभागावर काम करताना हात उचललेला ठेवावा लागतो, त्यामुळे खांदा भक्कम होतो. शिवाय मनगट आपोआप मागे झुकलेल्या स्थितीत राहते आणि लेखनासाठी मनगटाची हीच स्थिती पुढे लागते. पाटीवर वाकून लिहिणाऱ्या मुलाचे मनगट पुष्कळदा आत मुडपलेले असते, परंतु भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलाला तसे करताच येत नाही. म्हणून तीन वर्षांनंतरही, घरात चित्रवही आल्यावरही, एखादा मोठा कागद दाराला किंवा कपाटाला चिकटवून त्यावर रंगवण्याची सोय चालू ठेवावी. तो कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीच्या किंचित वर असावा.

आता पकडीविषयी. आयांना सर्वांत अधिक चिंता हिचीच असते आणि सर्वांत अधिक चुकीचे उपायही हिच्याच संबंधात होतात. साधारण दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि सगळा दंड हलवून रेघ ओढते. दोन-तीन वर्षांच्या दरम्यान बोटे खडूच्या टोकाकडे वळतात, तळहात खाली झुकतो आणि हालचाल कोपरापासून होऊ लागते. साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ही तीन बोटे खडूभोवती जमतात, परंतु ती निश्चल असतात व मनगटच हलते. साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान मात्र ही तीन बोटे स्वतः हलू लागतात, अनामिका व करंगळी तळहाताशी मिटून हाताला आधार देतात आणि खऱ्या अर्थाने लेखणी चालवणारा हात तयार होतो. या पायऱ्या ओलांडून एकदम वर नेता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाची बोटे आपल्या बोटांनी दाबून 'अशी धर' म्हणून ताकीद देत बसल्याने पकड सुधारण्याऐवजी रंगकामाचाच तिटकारा उत्पन्न होतो.

पकड सुधारण्याचा खरा उपाय हुकमात नसून साधनात आहे. लांब खडू मुठीत मावतो म्हणून मूल तो मुठीत धरते. तोच खडू दीड-दोन इंचांचा तुकडा करून दिला, तर मुठीत धरण्यास जागाच उरत नाही आणि तीन बोटे न सांगता योग्य ठिकाणी येतात. तेव्हा मोडलेले खडू टाकून देण्याची सवय सोडून द्यावी. ते नव्या खडूंहून मौल्यवान आहेत. येथे एक बंदोबस्त मात्र कसोशीने पाळला पाहिजे. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ती वस्तू तोंडात घालते, म्हणून त्याला तुकडे न देता जाड व मोठे खडूच द्यावेत, आणि तीन वर्षांनंतरही तुकड्यांचे काम वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली चालावे.

साधनांची निवड करताना आपण बाजारातील चकचकाटाला फसतो. औरंगपुऱ्यातील किंवा गुलमंडीवरील दुकानात गेले की मुलाचा हात प्रथम स्केचपेनांच्या पाकिटाकडे जातो, कारण त्यांचा रंग भडक असतो आणि जरासा स्पर्श होताच उमटतो. हाताच्या घडणीच्या दृष्टीने हाच त्यांचा दोष होय. मेणाचा खडू कागदावर ओढताना किंचित अडखळतो, रंग गडद हवा असेल तर जोर द्यावा लागतो, फिका हवा असेल तर तो आवरावा लागतो. या अडखळण्यातून आणि आवरण्यातून बोटांना बळ व तारतम्य येते. 1931 साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईच्या भुकटीपासून मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या उद्योगामुळे मेणाचे खडू आणि रंगपेन्सिली मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांतील साधी, लहान पेटी पुरेशी आहे. कोणत्याही कंपनीचे घ्यावे, परंतु पेटीवर ते विषारी नसल्याचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे वाचून घ्यावे. चोवीस रंगांची पेटी पाहुण्यांनी भेट दिली तरी एका वेळी तीन-चार रंगच मुलापुढे ठेवावेत. अधिक रंग समोर असले की मूल रंगवण्यापेक्षा निवडण्यातच दमते. क्रम असा ठेवावा की आधी जाड मेणखडू, मग त्यांचे तुकडे, त्यानंतर जाड रंगपेन्सिल, आणि बारीक पेन्सिल पाच वर्षांच्या आसपास. मोबाईलवर बोट टेकवताच सगळे चित्र रंगून देणारे जे खेळ हल्ली निघाले आहेत, त्यांना या क्रमात कोठेही स्थान नाही. काचेला अडखळणे नाही आणि दाबाला उत्तर नाही, त्यामुळे बोटाला त्यापासून काडीचाही लाभ होत नाही.

रंगकामाचा लेखनाशी असलेला संबंध जगात सर्वांत पद्धतशीरपणे जर कोणी जोडून दाखवला असेल तर तो मारिया माँटेसोरीबाईंनी. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांच्या हाती त्यांनी धातूचे चौकोनी साचे दिले. प्रत्येक साच्यातून एक आकृती कापून काढलेली असे, वर्तुळ, त्रिकोण, चौरस, लंबवर्तुळ, पंचकोन, अशा दहा आकृत्या. मूल साच्याच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवून आकृती काढी, मग तिच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ रेघा ओढून ती भरून काढी. वरवर पाहता हा खेळ रंग भरण्याचा. परंतु पेन्सिल धरणे, ती ठरल्या जागी थांबवणे, रेघ सरळ नेणे, दाब सारखा ठेवणे, हे लेखनाचे सारे घटक त्यात एकेक करून हाताखालून जात. बाईंचा अनुभव असा की, हाताची आणि अक्षरओळखीची ही तयारी निरनिराळी झालेली मुले एके दिवशी कोणी न शिकवताच लिहू लागली. पुढे 1939 मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि युद्धकाळाची पुष्कळ वर्षे त्यांनी भारतातच काढली.

हे धातूचे साचे विकत घेण्याची आपल्याला मुळीच आवश्यकता नाही. गुलमंडीवर कापडाचा आणि तयार कपड्यांचा एवढा मोठा व्यापार आहे की पुठ्ठ्याच्या खोक्यांची येथे कधी वाण पडणार नाही. सदऱ्याच्या खोक्याचे झाकण घेऊन त्यातून बशीएवढे वर्तुळ, मग चौरस, मग त्रिकोण धारदार सुरीने वडीलधाऱ्याने कापून काढावा. चौकट एका बाजूला आणि कापलेला तुकडा दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही साचे मिळतात. चौकटीच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवणे सोपे, कारण कडा हाताला अडवते. तुकड्याच्या बाहेरच्या कडेने फिरवणे अवघड, कारण पेन्सिल निसटू शकते. तेव्हा आधी चौकट, महिन्या-दोन महिन्यांनी तुकडा. घरातली बांगडी, वाटी, काडेपेटी यांनीही हेच काम होते. एका हाताने साचा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने रेघ काढायची, यात दोन्ही हातांना निरनिराळे काम करण्याची जी सवय लागते ती नुसत्या छापील चित्रात रंग भरण्याने लागत नाही. आकृती काढून झाली की तिच्यात भराभरा घासून रंग कोंबण्याऐवजी रेघांनी ती भरण्यास शिकवावे, वरून खाली उभ्या रेघा, दुसऱ्या दिवशी डावीकडून उजवीकडे आडव्या. देवनागरीचा काना आणि शिरोरेषा या दोन रेघांतच आहेत. आपल्या शहरात शेजारीपाजारी उर्दू शिकणारी मुलेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे न्याव्यात, म्हणजे त्यांच्या लिपीची दिशा हाताला आधीच ओळखीची होईल.

छापील चित्रांच्या वह्यांविषयी शिक्षणशास्त्रज्ञांत फार जुना वाद आहे आणि पालकांना तो माहीत असणे इष्ट आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा वह्यांना स्पष्ट विरोध केला. दुसऱ्याने काढलेल्या बाह्यरेषेत रंग भरण्याची सवय लागलेले मूल स्वतः काढण्याचा आत्मविश्वास गमावते, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात सत्याचा मोठा अंश आहे. परंतु छापील चित्र सर्वस्वी त्याज्य ठरवण्याचे कारण नाही, असे मला वाटते. ठरावीक सीमेत हात थांबवण्याचा सराव त्यातून खरोखरच होतो आणि काही मुलांना कोऱ्या कागदाची भीती वाटते त्यांना ते पहिला आधार देते. वाटणी अशी असावी: तीन वर्षांपर्यंत छापील चित्र घरात आणूच नये, तीन ते पाच या काळात स्वतः काढणे अधिक आणि छापील अगदी थोडे, आणि जे छापील द्यायचे ते मोठ्या आकाराचे, जाड रेषेचे, मोजक्या भागांचे असावे. बाजारातल्या वह्यांत एका पानावर परीकथेतला सारा राजवाडा कोंबलेला असतो, तो चार वर्षांच्या मुलापुढे ठेवणे योग्य नाही. त्यापेक्षा आईने किंवा आजीने आपल्या पैठणीच्या काठावरचे कमळ, पोपट किंवा मोर पाहून एक ठसठशीत बाह्यरेषा काढून द्यावी. तिचे वळण चुकले तरी मुलाला ती छापील चित्राहून प्रिय असते, आणि काढताना पाहण्याचा लाभ मिळतो तो निराळाच.

दाबावरचा ताबा ही रंगकामाने मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी आपल्याला उदाहरण शोधण्यास दूर जाणे नको. येथून सुमारे 100 किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि निळा लाजवर्द अशा मोजक्या रंगांनी ज्या आकृती काढल्या आहेत, त्यांच्या गालांचा, खांद्यांचा गोलवा रंग कोठे गडद, कोठे विरळ ठेवल्यामुळे उठून आला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात या छायाकामाला वर्तना म्हटले असून तिचे पत्रज, हैरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पत्रजात पानाच्या शिरांप्रमाणे रेघा येतात, हैरिकात छटा अतिशय सूक्ष्म होते, बिंदुजात ठिपके असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला ही नावे सांगण्याचे काही कारण नाही, परंतु त्यांतील पहिला व शेवटचा प्रकार त्याच्या हाताला अत्यंत हितकर आहे. एकाच रंगाचा खडू देऊन तीन चौकोनांपैकी पहिला अगदी फिका, दुसरा मध्यम, तिसरा जेवढा गडद होईल तेवढा भरण्यास सांगावे. मग एखादे पान काढून ते केवळ ठिपक्यांनी भरण्यास सांगावे. ठिपका देताना खडू उचलायचा, नेमका ठेवायचा आणि वेळीच थांबवायचा असतो. बोटांच्या पेरांना इतके काम देणारा दुसरा सराव मला ठाऊक नाही. सुटीत मुलांना अजिंठा दाखवून आणता आले तर आणावे, आणि परतल्यावर त्यांनी पाहिलेला हत्ती त्यांना हवा तसा काढू द्यावा.

साधने महाग असली पाहिजेत या समजुतीचे निराकरण महाराष्ट्रात फार पूर्वी होऊन गेले आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर 1936 मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार चालवला आणि 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साह्याने हेच काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलांत रुजले. शहरातल्या बालमंदिरांची किमती उपकरणे तेथे परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती आणि आसपास मिळणारे रंग हीच त्यांनी शिक्षणाची उपकरणे केली. ज्या बायांच्या घरच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो त्यांच्या मुलांना रंग शिकवण्यासाठी परदेशी पेटी कशाला, हा विचार त्यामागे होता आणि तो आजही तेवढाच खरा आहे.

गुलमंडीच्या रहिवाशांना तर वर्षाचे सणच रंगकामाची तजवीज करून देतात. श्रावणातल्या पोळ्याला कुंभारवाड्यातून मातीचे बैल घरी येतात. ते न रंगवलेले आणावेत, आणि शिंगांना एक रंग, झुलीला दुसरा, वशिंडाला ठिपके, हे काम मुलाकडे सोपवावे. गोल वस्तू एका हातात फिरवीत दुसऱ्या हाताने रंगवणे सपाट कागदाहून किती तरी कठीण असते. दिवाळीच्या आधी पणत्या, संक्रांतीला सुगडी, असा हा क्रम चालतो. मार्गशीर्षापासून तुरीच्या शेंगा आणि वाटाणे सोलायला मुलांना घ्यावे, पोळ्या होत असताना कणकेचा एक गोळा त्यांच्या हाती द्यावा, धुळवडीला पिचकारी त्यांना स्वतः भरू व दाबू द्यावी. ही कामे रंगकामाची नव्हेत, परंतु ज्या बळावर रंगकाम चालते ते येथून येते. आणि रांगोळी तर आपल्या परंपरेने स्त्रियांच्या बोटांना दिलेली अपूर्व तालीमच आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून बारीक धार सोडत नेण्यासाठी जो ताबा लागतो, तो ज्या हाताला आला त्याला लेखणीची धास्ती उरत नाही. चार वर्षांच्या मुलाला, आणि येथे मुलगा-मुलगी असा भेद करू नये, शिरगोळ्याच्या भुकटीऐवजी तांदळाचे पीठ द्यावे, कारण रांगोळीची बारीक पूड नाकातोंडात जाणे बरे नव्हे. प्रथम खडूने काढलेल्या जाड रेषेवर पीठ सोडायला सांगावे. चारचार ठिपक्यांची रांगोळी मागाहून.

बसण्याच्या पद्धतीकडे घरांत फारसे लक्ष दिले जात नाही. खुर्चीवर बसवायचे तर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवावा. लोंबकळत्या पायांच्या मुलाचे सारे बळ तोल सावरण्यातच खर्च होते. टेबलापेक्षा जमिनीवर पालथे पडून, कोपरांवर भार देऊन रंगवणे मुलांना आवडते आणि खांद्यांसाठी ते उत्तमही आहे. उजव्या हाताने रंगवणाऱ्या मुलाच्या कागदाचा वरचा भाग किंचित डावीकडे कललेला असावा, डावखुऱ्याचा उजवीकडे. डावखुऱ्या मुलाला 'उजव्या हाताने धर' म्हणून टोकण्याची प्रथा काही घरांत आजही चालते. तिला आता पूर्णविराम मिळाला पाहिजे. सुमारे दहांत एक मनुष्य डावखुरा असतो, आणि कोणता हात प्रधान होणार हे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान मेंदूच ठरवतो. तोपर्यंत खडू मुलाच्या समोर मधोमध ठेवावा आणि त्याने तो कोणत्या हाताने उचलला याची फक्त नोंद घ्यावी. वेळेची मर्यादाही ओळखावी. तीन वर्षांच्या मुलाला एका बैठकीत पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली, पाच वर्षांच्याला पंधरा-वीस. रोज थोडे चालावे, आणि मूल उठून गेले तर पान पुरे करण्यासाठी त्याला ओढून आणू नये.

गणेशोत्सवात मंडळांतर्फे चित्ररंगभरणाच्या स्पर्धा होतात. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु पाच वर्षांखालील मुलांच्या गटात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढणे बंद करावे, अशी माझी मंडळांना विनंती आहे. या वयात एका मुलाची पकड दुसऱ्याच्या वर्षभर पुढे असते, आणि त्यात कोणाचेही कर्तृत्व अथवा न्यून नसते. बक्षिसाच्या ओढीने पुष्कळ आया मुलाचा हात धरून त्याच्याकडून रंगवून घेतात आणि त्या घटकेपुरते रंगकाम मुलाचे राहत नाही. सर्वांना खडूंची एकेक लहान पेटी द्यावी, मोठ्या कापडावर सर्वांनी मिळून रंगवावे. बालवर्गांच्या चालकांनाही हेच सांगणे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा म्हणून मानली आणि त्यात खेळ व कृती यांना अग्रस्थान दिले. तेव्हा तीन वर्षांच्या मुलांच्या वह्यांत पानेच्या पाने अक्षरे पाहण्याचा आग्रह पालकांनी सोडावा आणि शाळांनीही त्या आग्रहापुढे मान तुकवू नये. मूल साधारण तीन वर्षांचे झाले की वर्तुळ, चार वर्षांचे झाले की फुली, साडेचारच्या आसपास चौरस आणि पाचच्या सुमारास त्रिकोण पाहून काढू लागते. त्रिकोणाची तिरकी रेघ साधली म्हणजे अक्षरांसाठी हात तयार झाला, असे समजण्यास हरकत नाही.

काही मुलांना मात्र एवढे सर्व करूनही हात साधत नाही आणि त्यांच्या बाबतीत 'होईल हळूहळू' म्हणत मुदत वाढवीत राहणे धोक्याचे असते. दीड वर्षाच्या आतच मूल ठामपणे एकच हात वापरून दुसरा बाजूला ठेवीत असेल, चार वर्षे उलटूनही वर्तुळ बंद करता येत नसेल, पाच वर्षांनंतरही खडू मुठीतच धरत असेल, बटणे लावणे, घास उचलणे यांतही तेच अडखळणे दिसत असेल, किंवा पूर्वी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर शाळेच्या शिक्षकांनी सांगेपर्यंत थांबू नये. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा विनामूल्य तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता अवश्य पाठवावे आणि आपल्या मनातली शंका त्यांना स्पष्ट सांगावी. गुलमंडीहून घाटीचे शासकीय रुग्णालयही दूर नाही. तेथील बालरोग विभागात मुलाला दाखवावे आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांचा सल्ला मिळेल का, याची तेथेच विचारणा करावी. जाताना मुलाने गेल्या काही महिन्यांत रंगवलेले चार-दोन कागद, मागे तारीख टाकून, बरोबर न्यावेत; डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो.